दुसऱ्याचं वाक्य ऐकताना

एप्रिलमध्ये परीक्षा संपत आल्या की दादर पश्चिमेला प्लाझाच्या आसपास, शिवाजी पार्कच्या बाजूला, गिरगावात ठाकूरद्वारच्या नाक्यावर बालनाट्य शिबिरांचे फलक दिसू लागतात. वयोगट सहा ते चौदा, दोन-तीन आठवड्यांचा वर्ग, शेवटी पालकांसमोर सादरीकरण आणि प्रमाणपत्र. फलकावरचे शब्द ठरलेले असतात: व्यक्तिमत्त्व विकास, आत्मविश्वास, स्टेज डेअरिंग. नाव नोंदवायला आलेली आईही तेच विचारते, ‘आमचा फार बुजरा आहे हो, जरा धीट होईल ना?’

आईचा प्रश्न रास्त आहे. बुजऱ्या मुलाची काळजी कुणाला वाटणार नाही? पण नाटक मुलाला जे देतं त्यातला धीटपणा हा सगळ्यात लहान भाग आहे, असं माझं मत आहे. आपण तेवढ्याचकडे पाहत राहिलो, म्हणून नाटक उन्हाळ्याच्या सुट्टीत, फी भरू शकणाऱ्यांपुरतं आणि शाळेच्या फाटकाबाहेर राहिलं.

नुसता धीटपणा हवा असेल तर वक्तृत्व स्पर्धा आहेत. टिळक पुण्यतिथीचं भाषण पाठ करून, हातवारे बसवून, टाळ्या घेऊन खाली उतरता येतं. त्यात मूल एकटं उभं असतं आणि समोरच्यांनी ऐकायचं असतं. नाटकात ते एकटं नसतं. रंगमंचावर आणखी चारजण असतात, आणि त्या चौघांचं ऐकल्याशिवाय त्याला एक शब्दही बोलता येत नाही.

मुलांच्या तालमीचा पहिला दिवस ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे माहीत आहे. संहितेच्या झेरॉक्स वाटल्या की प्रत्येकजण आधी आपली वाक्यं मोजतो. ‘मला अकरा आहेत, तुला किती?’ मग पेन्सिलीने आपापल्या वाक्यांखाली रेघा ओढल्या जातात आणि बाकीची संहिता जणू नसतेच. पहिल्या वाचनात गोंधळ होतो तो इथे. प्रत्येकाला आपलं वाक्य येतं, पण कधी बोलायचं ते कळत नाही, कारण त्याच्या आधीचं वाक्य दुसऱ्याचं असतं आणि ते कुणी वाचलेलंच नसतं. दिग्दर्शक मुलांना रागावत नाही. तो एवढंच सांगतो की तुझं वाक्य त्याच्या वाक्यातून निघतं, आधी त्याचं ऐक. आठवड्याभरात रेघा निरर्थक होतात. दुसऱ्या आठवड्यात चार वाक्यांच्या शिपायाला राजाचीही वाक्यं पाठ असतात आणि प्रधानाचीही. कुणी त्याला ती पाठ करायला सांगितलेली नसतात. ती ऐकून ऐकून आलेली असतात.

मग एखाद्या प्रयोगात राजा अडखळतो. समोर अंधारात प्रेक्षक, अंगावर दिवे, आणि पुढचं वाक्य डोक्यातून गेलेलं. अशा वेळी शिपाई पुढे होऊन म्हणतो, ‘महाराज, आपण दवंडी पिटायला सांगणार होतात.’ राजाला वाट सापडते आणि नाटक पुढे सरकतं. प्रेक्षकांना यातलं काही कळत नाही. शिपायाला मात्र कळलेलं असतं की आज आपण कुणालातरी सांभाळलं. त्याच्या शालेय आयुष्यात हा अनुभव त्याला दुसरीकडे कुठे मिळतो? वर्गात शेजाऱ्याला उत्तर सांगितलं तर ती कॉपी होते आणि दोघांचेही पेपर काढून घेतले जातात. आपली सगळी परीक्षापद्धती शेजाऱ्याचं अपयश हे तुझं काम नव्हे, असं दहा वर्षं शिकवते. नाटकाच्या तालमीत ते तुझंच काम असतं. एकाचं वाक्य पडलं की सगळ्यांचा प्रवेश पडतो. दहा-बारा वर्षांच्या वयात हे एकदा अंगात मुरलं तर ते मूल पुढे कुठल्याही कचेरीत, कारखान्यात किंवा घरात वेगळं वागेल, यावर माझा विश्वास आहे. माझ्या लेखी नाटकवर्गाचा हाच पहिला लाभ.

दुसरा लाभ याहून खोल आहे. नाटकात मुलाला कुणीतरी दुसरं व्हावं लागतं, आणि नुसती मिशी लावून तसं होता येत नाही. सावकाराची भूमिका करणारा मुलगा सुरुवातीला डोळे वटारतो, आवाज जाड करतो, कमरेवर हात ठेवतो. चांगला शिक्षक त्याला थांबवून विचारतो, ‘या सावकाराला स्वतःविषयी काय वाटतं? आपण वाईट आहोत असं वाटतं का?’ मुलगा विचारात पडतो. मग म्हणतो, ‘नाही, त्याला वाटत असेल की माझेच पैसे मी परत मागतोय.’ त्या क्षणी त्याच्या सावकाराचा आवाज बदलतो, खाली येतो, जास्त खरा आणि जास्त भीतिदायक होतो. तो मुलगा सावकाराच्या बाजूचा झालेला नसतो. त्याला फक्त इतकं उमगलेलं असतं की समोरच्याच्या डोक्यातही एक आख्खं जग चालू असतं आणि तिथे तो स्वतःला बरोबरच समजतो. मूल्यशिक्षणाच्या तासाला फळ्यावर ‘सहिष्णुता’ लिहून हे साधत नाही.

नाटकाच्या नावावर काहीही खपवलं जातं, म्हणून या बाबतीत संशोधन काय सांगतं तेही पाहिलं पाहिजे. हार्वर्डच्या प्रोजेक्ट झीरोमधल्या एलन विनर आणि लोइस हेटलंड यांनी २००० साली कलाशिक्षणाविषयीच्या असंख्य दाव्यांची छाननी केली. चित्रं काढल्याने किंवा नाचल्याने गणित-विज्ञान सुधारतं, यांसारख्या बहुतेक दाव्यांना भक्कम आधार सापडला नाही. जे थोडे दावे टिकले त्यांत एक नाटकाचा होता. वर्गात गोष्ट करून पाहिली की मुलांचं वाचन, आकलन आणि भाषा सुधारते, आणि लाभ त्या एका गोष्टीपुरता राहत नाही, न केलेल्या नव्या मजकुरातही उतरतो, असं अ‍ॅन पॉडलॉझ्नी यांच्या विश्लेषणातून दिसलं. कॅनडात ग्लेन शेलनबर्ग यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहा वर्षांच्या १४४ मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं चार गटांत वाटलं होतं. दोन गटांना संगीत, एकाला नाटक, एकाला त्या वर्षी काहीच नाही. संगीत शिकलेल्यांचा बुद्ध्यांक थोडा जास्त वाढला. नाटकवाल्यांचा तसा वाढला नाही. पण इतरांशी जुळवून घेण्याचं, मिळूनमिसळून वागण्याचं त्यांचं वर्तन सुधारलं, आणि ते फक्त त्यांचंच सुधारलं. तेव्हा नाटकामुळे गणितात गुण वाढतील असं कुणी सांगत असेल तर पालकांनी त्यावर विश्वास ठेवू नये. नाटक भाषा देतं आणि माणसांत राहायची रीत देतं. एवढं पुरेसं आहे, आणि सध्याच्या मुंबईत ते थोडं नाही.

हे मुंबईबद्दल, त्यातही गिरगाव ते दादर या पट्ट्याबद्दल बोलायचं कारण असं की मराठी मुलांच्या नाटकाचा बराचसा आधुनिक इतिहास इथेच घडला. अमेरिकेत बालरंगभूमीचं शिक्षण घेऊन आलेल्या सुधा करमरकरांनी १९५९ साली मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने लिटल थिएटर उभं केलं. त्यांचं पहिलं नाटक ‘मधुमंजिरी’. ते लिहिणारे रत्नाकर मतकरी तेव्हा विशीतले होते. सुधाताईंचा आग्रह असा की मुलांसाठीचं नाटक म्हणजे उरल्यासुरल्या कपड्यांत, दोन पडद्यांपुढे उरकण्याची गोष्ट नव्हे. मोठ्यांच्या नाटकाला जेवढं नेपथ्य, जेवढी प्रकाशयोजना आणि जेवढी तालीम लागते तेवढीच इथेही हवी. मतकरींनी पुढे १९६२ मध्ये स्वतःची बालनाट्य संस्था काढली आणि ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’ अशी नाटकं दिली. ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण एके काळी दिलीप प्रभावळकरांनी केली. २०१८ मध्ये वैभव मांगले यांच्या चेटकिणीसह ते नाटक पुन्हा आलं तेव्हा नातवंडांना घेऊन आलेले आजी-आजोबा आपणही हे लहानपणी पाहिल्याचं सांगत होते. एक बालनाटक दोन पिढ्यांना पुरलं.

पण करमरकर-मतकरी परंपरेचा मोठा भाग मुलांना नाटक दाखवण्याचा होता. करण्याचा धागा दादरला छबिलदास शाळेत सापडतो. १९७४ नंतर या शाळेचं सभागृह प्रायोगिक रंगभूमीचं घर झालं हे सर्वांना ठाऊक आहे. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या ‘आविष्कार’ने तिथे काय घडवलं यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. तेवढ्याच आवर्जून सांगण्यासारखी गोष्ट अशी की सुलभाताई त्याच शाळेत शिक्षिका होत्या. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली बेणारेबाई साकारणारी बाई दिवसा खऱ्या वर्गावर शिकवत होती, आणि शाळेतल्या मुलांची नाटकं बसवता बसवता तिचं रंगभूमीवरचं काम वाढलं होतं. ‘आविष्कार’ची मुलांची शाखा ‘चंद्रशाला’ आणि तिचं ‘दुर्गा झाली गौरी’ हे मोठ्या संख्येने मुलं नाचवणारं नृत्यनाट्य यांची मुळं त्या वर्गखोलीत आहेत. विजय तेंडुलकरांनीही ‘बाबा हरवले आहेत’, ‘चिमणा बांधतो बंगला’ अशी नाटकं मुलांसाठी लिहिली, पु. लं.नी ‘वयं मोठम् खोटम्’ लिहिलं. मराठीतले पहिल्या फळीचे लेखक आणि नट तेव्हा मुलांच्या नाटकाला हाताखालचं काम समजत नव्हते. आज किती नामवंत नाटककार दहा वर्षांच्या मुलांसाठी नवी संहिता लिहायला बसतात? शिबिरवाल्यांना दरवर्षी त्याच जुन्या झेरॉक्स का वाटाव्या लागतात, याचं उत्तर या प्रश्नात आहे.

परळ-लालबागला नाटक शिकवावं लागत नव्हतं. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांनी दशावतार, नमन-खेळे, भजनं, शक्ती-तुरा सोबत आणलं होतं. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगमुळे परळला कामगारांसाठी दामोदर हॉल उभा राहिला आणि दिवसभर साच्यावर उभी राहिलेली माणसं रात्री तिथे तोंडाला रंग लावू लागली. बापाची तालीम चालू असताना मुलगा विंगेत पेंगत बसलेला असे. गणपतीत दहा दिवस गल्लीत स्टेज असे. मोठ्यांच्या नाटकाआधी तासभर पोरांचा कार्यक्रम. चाळीच्या गॅलरीत तालीम व्हायची, आख्खी चाळ ती पाहायची, आणि प्रयोगाच्या दिवशी साऱ्या बायकांना संवाद पाठ असायचे. हे शिक्षण फुकट होतं. त्याला प्रवेशपरीक्षा नव्हती.

या आठवणीत मला हरवून जायचं नाही. गल्लीच्या स्टेजवर भूमिका कुणाला मिळायची हे मंडळाच्या कार्यकर्त्यांशी घरोबा किती यावर पुष्कळदा ठरायचं. मुली एका वयानंतर बाजूला पडायच्या. लिहिलेलं नाटक मोठ्यांचं आणि पोरं त्यातली बाहुली, असंही व्हायचं. पण एक गोष्ट निर्विवाद होती: गिरणी कामगाराच्या मुलाला रंगमंचावर पाय ठेवण्यासाठी खिशात पैसे लागत नव्हते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि गिरण्यांबरोबर ती सारी व्यवस्था हळूहळू विरत गेली. आज त्याच जमिनींवर टॉवर आहेत, उरलेल्या चाळी पुनर्विकासाच्या रांगेत आहेत. नव्या घरात स्वतंत्र संडास आला, लिफ्ट आली, आणि ज्या बायकांनी आयुष्यभर चाळीच्या टोकापर्यंत बादल्या वाहिल्या त्यांना ते मिळायलाच हवं होतं. गॅलरी मात्र गेली. मुलांच्या तालमीला जागा म्हणून सोसायटीचा हॉल आहे, त्याला भाडं आहे आणि आवाजाबद्दल तक्रारी आहेत. गणपतीचं स्टेज काही ठिकाणी टिकून आहे. पुष्कळ ठिकाणी त्याची जागा दर्शनाच्या रांगांच्या लोखंडी कठड्यांनी घेतली.

म्हणून आज नाटकवर्गाचा लाभ हा प्रश्न उरत नाही, लाभ कुणाला हा प्रश्न उरतो. शिवाजी पार्कच्या मुलाला शिबिर मिळतं. लालबागच्या आतल्या गल्लीतल्या, किंवा शिवडीच्या झोपडपट्टीतल्या मुलाला मिळत नाही, आणि नेमकी त्यालाच त्याची गरज अधिक असते, कारण त्याचं म्हणणं ऐकून घेणारं शाळेत कुणी नसतं. हे रत्नाकर मतकरींनी ओळखलं होतं. वयाच्या पंचाहत्तरीत, २०१४ साली, त्यांनी ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. परीकथांचा हा लेखक वस्त्यांतल्या मुलांपुढे आपली तयार नाटकं घेऊन गेला नाही. मुलांनी आपल्याच जगण्यातले विषय घ्यायचे, आपणच संवाद रचायचे, आपणच करायचं, अशी ती रीत होती. दारू, पाणी, शाळा सुटणं, घरातली भांडणं हे विषय मग आपोआप येतात. प्रेक्षकांत त्यांचेच आईबाप बसलेले असतात. ज्या मुलाने घरात कधी तोंड उघडलं नाही ते मूल रंगमंचावरून बापाचं वागणं बापाला दाखवतं, आणि तेही त्याला न दुखावता, कारण ते ‘नाटकात’ आहे. आपलं दुःख आपल्यापासून हातभर दूर ठेवून त्याकडे पाहता येणं, त्याला सुरुवात आणि शेवट देता येणं, ही फार मोठी ताकद आहे. ती मिळालेलं मूल परिस्थितीत अडकलेलं असलं तरी तिच्याकडे बाहेरून पाहू शकतं.

भाषेचं काय? दादर-गिरगावातली मराठी घरातली मुलं आज मोठ्या प्रमाणावर इंग्रजी माध्यमात आहेत. त्यांना मराठी कळतं, बोलता येतं, पण देवनागरी वाचताना ती अडखळतात आणि बोलताना क्रियापदाशी पोचेपर्यंत इंग्रजीत शिरतात. घरच्यांनी कितीही रागावलं तरी हे सुधारत नाही. नाटकात सुधारतं, कारण तिथे वाक्य पूर्ण करावं लागतं, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावं लागतं आणि ते का म्हटलं जातंय हे कळल्याशिवाय ते ओठावर बसत नाही. जोडाक्षर गिळलं तर मागच्या रांगेला शब्द ऐकू येत नाही. तेवढ्यासाठी मूल तो शब्द दहा वेळा आनंदाने म्हणतं. व्याकरणाच्या वहीत तोच शब्द दहा वेळा लिहिणं शिक्षा असते.

इथे शिक्षकांना एक विनंती आहे. लालबागच्या मुलाची आजी मालवणी बोलत असेल तर नाटकातल्या आजीला मालवणी बोलू द्या. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने १९८० मध्ये मालवणी बोली व्यावसायिक रंगभूमीच्या मधोमध आणली आणि मच्छिंद्र कांबळींनी ती घराघरांत पोचवली. तरीही शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांची बोली अजून घासूनपुसून ‘शुद्ध’ केली जाते, किंवा फक्त हसवण्यासाठी नोकराच्या तोंडी दिली जाते. मुलाला त्यातून आपल्या घराविषयी जे कळतं ते पुसायला पुढे अनेक वर्षं लागतात.

नाटकाविरुद्ध बोलणाऱ्यांचं म्हणणं मी टाळणार नाही. अभ्यासाचा वेळ जातो, हा जुना आक्षेप. त्यावर मुलांचा वेळ एरवी कशात जातो, याचा हिशेब पालकांनीच करावा. त्याहून गंभीर आक्षेप असा की नाटकामुळे मुलं अकाली ‘नाटकी’ होतात, आरशात पाहू लागतात, मालिकांच्या ऑडिशनच्या रांगेत जाऊन उभी राहतात. हे खरं आहे, आणि ते नाटकामुळे होत नाही, आपण नाटकाचं जे केलं त्यामुळे होतं. वर्गाच्या जाहिरातीत मालिकेत झळकलेल्या मुलाचा फोटो मोठा असतो. सादरीकरणात एका मुलाला चाळीस वाक्यं असतात आणि पंधराजण झाडं होऊन उभी राहतात, त्यांचे पालक मोबाईल धरून त्या पंधरांतून आपलं झाड शोधत असतात.

स्पर्धांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. राज्य बालनाट्य स्पर्धेने आणि आंतरशालेय स्पर्धांनी अनेक चांगले दिग्दर्शक आणि नट दिले, शाळांना निमित्त दिलं, हे मान्य. पण बारा वर्षांखालच्या मुलांना नाटकात क्रमांक देऊ नयेत. क्रमांक आला की शिक्षक धोका पत्करत नाही. गेल्या वर्षी बक्षीस मिळालेल्या नाटकाचा साचा उचलला जातो: अनाथ मूल, आजारी आई, शेवटी संदेश. नऊ वर्षांच्या मुलीकडून ग्लिसरीनचे अश्रू काढले जातात आणि परीक्षक हेलावतात. त्या मुलीने स्वतः ते दुःख समजून घेतलेलं नसतं. मोठ्यांनी लिहिलेलं दुःख तिने बिनचूक उच्चारलेलं असतं. ज्या कलेने दुसऱ्याच्या मनात शिरायला शिकवायचं, तिने इथे दुसऱ्याला रडवायचं कसब शिकवलं.

इंग्लंडमध्ये पीटर स्लेड यांनी १९५४ मध्ये ‘चाइल्ड ड्रामा’ या पुस्तकात मुलांचं स्वतःचं नाट्य आणि मोठ्यांची रंगभूमी यांतला फरक मांडला. पुढे ब्रायन वे यांनी तो आणखी ठळक केला: रंगभूमीचा संबंध नट आणि प्रेक्षक यांच्या देवाणघेवाणीशी आहे, वर्गातल्या नाट्याचा संबंध करणाऱ्याच्या अनुभवाशी. लहान वयात प्रेक्षक जितका उशिरा येईल तितकं बरं. मला हे पटतं, फक्त एका दुरुस्तीसह. आपल्याकडे प्रेक्षक म्हणजे नेहमी अनोळखी माणसं नव्हती, ती चाळ होती. तालमीपासून सोबत असलेला, संवाद पाठ असलेला प्रेक्षक मुलाला परीक्षकासारखा वाटत नाही. म्हणून सादरीकरण अजिबात नको, असं म्हणायची गरज नाही. पंधरा दिवस ज्यांनी तालीम ऐकली त्यांच्यासमोर, वर्गातल्याच मुलांसमोर, बाकं सरकवून केलेलं सादरीकरण पुरतं.

पुण्यात १९८६ साली थिएटर अ‍ॅकॅडमी आणि मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत ‘छान छोटे वाईट मोठे’ने मराठीत आणली. तिथे मोठे नट मुलांच्या भूमिका करतात, पण गोष्ट मुलांच्या रोजच्या अडचणींची असते आणि उत्तर मोठे देत नाहीत, मुलं शोधतात. मुंबईच्या शाळांनी हे नाटक पाहण्यापुरतं न ठेवता वर्गात आणलं असतं तर एवढ्यात एक पिढी तयार झाली असती. अजूनही उशीर झालेला नाही. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात कला विषयांशी जोडून शिकवण्याची भाषा आहे. ती परिपत्रकात राहू द्यायची नसेल तर मोठ्या यंत्रणेची वाट पाहायची गरज नाही. आठवड्याला दोन सलग तास हवेत. चौथीचा इतिहासाचा धडा आहे ना, मग अफजलखानाच्या भेटीच्या आदल्या रात्री प्रतापगडावर शिवाजी महाराजांचे सहकारी काय बोलले असतील, ते मुलांना करू द्या. ते पुस्तकात नाही, म्हणूनच करू द्या. पाचजण जा म्हणतील, पाचजण जाऊ नका म्हणतील, आणि दोन्हीकडच्यांना कारणं द्यावी लागतील. गणवेशातच, वेशभूषेशिवाय, वर्गात. शिक्षकाला नट असण्याची गरज नाही. त्याला प्रश्न विचारता यायला हवा आणि दोन मिनिटं शांत बसता यायला हवं. डी.एड.च्या अभ्यासक्रमात एवढं घालणं कठीण नाही, आणि मुंबईत नाटकाचं शिक्षण घेऊन कामाच्या शोधात असलेले तरुण तर पुष्कळ आहेत. महापालिकेने आपल्या प्रत्येक शाळासमूहाला त्यांतला एकजण नेमून दिला तर त्यांनाही पोट भरेल असं काम मिळेल.

जागेचं कारण सांगितलं जातं, ते मी मानत नाही. छबिलदासनंतर ‘आविष्कार’ला आसरा दिला तो माहीमच्या एका महापालिका शाळेने, आणि अनेक वर्षं तिथल्या खोलीत तालमी आणि प्रयोग झाले. म्हणजे महापालिकेची शाळा नाटकाचं घर होऊ शकते, हे याच शहराने करून दाखवलं आहे. संध्याकाळी सहानंतर गिरगाव, परळ, लालबागमधले कितीतरी शाळांचे हॉल कुलपात असतात.

राहता राहिला दामोदर हॉल. २०२३च्या अखेरीस तो पुनर्विकासासाठी बंद झाला, तेव्हा कलावंत रस्त्यावर उतरले, आणि ते योग्यच केलं. त्यांची मागणी होती की नवं नाट्यगृह जुन्याइतकं तरी मोठं हवं, भाडं कामगार वस्तीतल्या मंडळांना परवडणारं हवं. त्या मागणीत आणखी एक ओळ घालावी. आठवड्यातले तीन दिवस, दुपारी चार ते सहा, तो रंगमंच परिसरातल्या मुलांना तालमीसाठी विनामूल्य मिळावा, आणि ही अट करारातच लिहिलेली असावी. चार ते सहा या वेळेत व्यावसायिक नाटकवाल्यांचा टेम्पोही अजून नेपथ्य घेऊन आलेला नसतो.